एक सत्र इटलीत: बोलोन्या की पादोव्हा?

एका सत्रासाठी इटलीला जायचं ठरलं आणि कॉलेजनं पुढ्यात बोलोन्या आणि पादोव्हा अशी दोन नावं ठेवली, की पहिला आठवडा क्रमवाऱ्या चाळण्यात जातो. तो वाचवता आला तर वाचवा. दोन्ही विद्यापीठं इतकी जुनी आणि इतकी मोठी आहेत की क्रमवारीतल्या पाच-पंचवीस जागांनी तुमच्या त्या पाच-सहा महिन्यांत काडीचा फरक पडत नाही.

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी, पादोव्हाला गेलो. पुण्यातला माझा वर्गमित्र त्याच सत्रात बोलोन्याला होता. शनिवार-रविवारी आम्ही एकमेकांकडे पडीक असायचो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार बोलू शकतो. नमुना दोघांचाच आहे, तेव्हा पुढचं सगळं त्या बेतानंच घ्या. व्हिसा, विमा, कोदिचे फिस्काले (इटलीतला कर-क्रमांक) हे दोन्हीकडे सारखंच, आणि त्यावर लिहायचं कोणी काही बाकी ठेवलेलं नाही. ते सोडून देतो.

नावाच्या वजनाचं म्हणाल तर बोलोन्या १०८८ चं आणि पादोव्हा १२२२ चं. पादोव्हाकडे गॅलिलिओची १५९२ ते १६१० ही वर्षं आहेत, १५९५ चं शवविच्छेदनाचं लाकडी थिएटर आहे, १६७८ साली एलेना कोर्नारो पिस्कोपियाला मिळालेली, स्त्रीची पहिली मानली जाणारी डॉक्टरेट आहे. बोलोन्याकडे बेडकाच्या पायांवर विजेचे प्रयोग करणारा गॅल्व्हानी आहे आणि ‘जगातलं सर्वांत जुनं’ हा शिक्का आहे, जो घरच्यांना सांगायला फार सोयीचा पडतो. आमच्या विषयापुरतं तर हे भांडण मिटलेलंच आहे. विषमता मोजायचा जो गुणांक आपण परीक्षेपुरता घोकतो, त्याचा कर्ता कोर्रादो जिनी शिकला बोलोन्यात, कायदा. आणि पुढे संख्याशास्त्र शिकवायला आला पादोव्हात. (माणसाचं नंतरचं राजकारण मुसोलिनीच्या बाजूचं. त्याचा गुणांक शिकवताना हे सहसा कोणी सांगत नाही.)

अभ्यासक्रम बघताना मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: वर्ग नेमके कुठल्या गावात भरतात. बोलोन्या विद्यापीठाचे फोर्ली, चेझेना, राव्हेन्ना आणि रिमिनी इथेही कॅम्पस आहेत. मनात बोलोन्याच्या कमानी आणि हातात रिमिनीचं वेळापत्रक, अशी गत होऊ शकते. रिमिनी समुद्रकाठी आहे, उन्हाळ्यात छान असेल; नोव्हेंबरात तिथे काय करायचं हे रिमिनीकरांनाच विचारा. पादोव्हातही शेतकी आणि पशुवैद्यकाची मुलं शहराबाहेर लेन्यारोला जातात, पण ते अंतर बसनं जाण्याइतकं आहे. आमचा विभाग सांता कातेरिनाच्या जुन्या मठात होता, शहराच्या आतच.

शिकवण्यात मला मोठा फरक दिसला नाही. तोंडी परीक्षा दोन्हीकडे, तीसपैकी गुण दोन्हीकडे, अठराला पास. तोंडी परीक्षेची सवय नसलेल्या आपल्या मुलांना एवढंच सांगतो की ती चारचौघांत होते. मागच्या बाकांवर इतर विद्यार्थी बसलेले असतात, आपली पाळी यायच्या आधी सरांचे प्रश्न वहीत टिपून घेत. माझ्या वेळी सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘तुमच्या आवडीचा एखादा विषय सांगा.’ हा प्रश्न तिथे सर्रास विचारतात, म्हणून एक विषय घोटून ठेवावा. गुण लगेच सांगतात आणि पटले नाहीत तर नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसता येतं. पण एका सत्रासाठी आलेल्याकडे पुढची तारीख असेलच असं नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि तोवर आपल्याकडे दुसरं सत्र सुरू झालेलं असतं. हे आपल्या विभागप्रमुखांशी आधीच बोलून घ्या. शहर कुठलंही निवडलं तरी हे चुकत नाही.

इथपर्यंत पारडी समसमान होती. खरं सांगायचं तर बोलोन्याचं जरा जडच होतं. मग खोली शोधायला घेतली.

बोलोन्यात खोली मिळणं अवघड आहे असं सगळेच सांगतात. पण किती अवघड आणि कशानं, हे पुण्यात बसून कळत नाही. जाहिराती असतात, ढिगानं असतात. उघडून बघितल्या की एक म्हणते फक्त मुलींसाठी, दुसरी म्हणते फक्त नोकरदारांना, तिसरीला बारा महिन्यांच्या आत बोलणंच नको, चौथीला इटलीत पगार असलेला जामीनदार हवा. आता सहा महिन्यांसाठी येणाऱ्या मुलानं इटालियन जामीनदार आणायचा कुठून? इतकी चाळण लावल्यावर जे उरतं ते कॉट बेसिस, म्हणजे एका खोलीत दोन पलंग आणि दुसऱ्या पलंगावर कोण असेल ते देवाला ठाऊक. माझ्या वेळी बोलोन्यात स्वतंत्र खोलीला सहाशे युरोच्या आसपास सांगत, पादोव्हात चारशेच्या. पण पैशाचं मी एक वेळ जुळवलं असतं.

जुळलं नाही ते कागदाचं. एक घरमालक व्हिडिओ कॉलवर आला. खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, बाल्कनीतून दिसणारा टेकडीवरचं सान लुकाचं चर्च दाखवलं. भाडंही बरं होतं. मी विचारलं, करार कधी पाठवता? तो हसला आणि म्हणाला, पाच-सहा महिन्यांसाठी कोण करार करतो, महिन्याच्या महिन्याला रोख द्या. पुन्हा विचारलं तर तोच हसरा चेहरा. आणखी दोघांचं उत्तर कमी-अधिक फरकानं हेच. माझा मित्र म्हणाला, घे रे, सगळे असेच राहतात. राहत असतील. पण युरोपबाहेरच्या माणसाला ते महागात पडतं. पोचल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत पेर्मेसोचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकायचा असतो आणि त्यात पत्ता लागतो. परदेशी माणूस घरात ठेवला की मालकानं ४८ तासांत पोलिसांना कळवायचं, असा नियम आहे. ज्याला भाडं कर खात्यापासून लपवायचं आहे तो पोलिसांना कशाला कळवेल? मग आपण राहायचं एका ठिकाणी आणि कागदावर पत्ता कोणा ओळखीच्याचा. उद्या अनामत परत मिळाली नाही तर दाद मागायची कशाच्या जोरावर? करारच नाही.

आणि गंमत अशी की कायदा विद्यार्थ्याच्या बाजूचाच आहे. १९९८ च्या भाडेकायद्यात विद्यार्थ्यांसाठी वेगळा करार आहे, कमीत कमी सहा महिन्यांचा, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. मालकानं तो तीस दिवसांत नोंदवायचा असतो आणि ठरलेल्या दरानं भाडं घेतलं तर त्याला करातही सवलत मिळते. पादोव्हात मला असा करार करणाऱ्या बाई भेटल्या. पोचलो त्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले आणि चष्मा लावून एकेक कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. हीटर १५ ऑक्टोबरच्या आत लागणार नाही हेसुद्धा त्यात आलं. त्या पट्ट्यातल्या सगळ्या शहरांना तोच नियम आहे, बोलोन्यालाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात स्वेटर घालून झोपायची तयारी ठेवा. पुढे तीन-चार दिवसांत नोंदणीची प्रत हातात आली. मी तिचा फोटो मित्राला पाठवला. तो तेव्हा इमोला या जवळच्या गावाहून रोज लोकलनं बोलोन्याला जात होता, कारण शहरात त्याचं जमलंच नव्हतं. शेवटची गाडी चुकली की कोणाच्या तरी सोफ्यावर.

न्यायाला धरून सांगायचं तर आकडे पादोव्हाच्या विरोधात जातात. दोन लाखांवर वस्तीचं गाव आणि विद्यापीठात सत्तर हजारांच्या घरात विद्यार्थी, म्हणजे तिथे खोल्यांची जास्त मारामारी हवी. ती तशी नाही, कारण माझ्या वर्गातली निम्मी पोरं व्हिचेन्झा, त्रेव्हिझो, मेस्त्रे अशा जवळच्या गावांतून रोज ट्रेननं येत आणि संध्याकाळी आईच्या हातचं जेवायला घरी जात. बोलोन्यात दक्षिणेतून आलेली मुलं फार, ती सगळी भाड्यानं राहणार. वर पर्यटकही वाढलेत आणि त्यांना दिवसावारी खोली देण्यात मालकाला जास्त सुटतात. अर्थात पादोव्हा म्हणजे रामराज्य नव्हे. २०२३ च्या मे महिन्यात मिलानच्या पॉलितेक्निको विद्यापीठासमोर विद्यार्थ्यांनी भाड्याच्या निषेधार्थ तंबू ठोकले, त्याचं लोण पुढे देशभरच्या विद्यापीठांत गेलं. दुखणं सगळ्या इटलीचं आहे. पादोव्हात ते मला सोसण्याइतकं वाटलं, एवढंच.

बाकी बाबतीत बोलोन्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. संध्याकाळ तिथेच घालवावी. व्हिया झांबोनी या रस्त्यावर आठला जी गर्दी असते ती पादोव्हात फक्त बुधवारी असते, विद्यार्थ्यांचा वार म्हणून. भिंतीभिंतीवर पोस्टरं, प्रत्येक कोपऱ्यावर कसली तरी सभा. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास करणाऱ्याला वर्गाबाहेरच अर्धा अभ्यास होईल. पदपथांवर कमानींचं छत असल्यानं पावसात छत्री न उघडता शहरभर फिरता येतं. त्या कमानींच्या रस्त्यांना २०२१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा मान दिला. (त्याच वर्षी पादोव्हाच्या चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्रांनाही दिला, आणि कमानी पादोव्हातही भरपूर आहेत, पण ते कोणाच्या गावी नसतं.) आणि रेल्वे! बोलोन्या म्हणजे इटलीचं मनमाड. फ्लोरेन्स वेगवान गाडीनं पाऊण तासाच्या आत, मिलान तासाभरावर. पादोव्हाच्या वाट्याला अर्ध्या तासावरचं व्हेनिस येतं. ते काही कमी नाही, पण व्हेनिसला एकदा डोळे भरून बघितलं की दुसऱ्यांदा पाहुण्यांना घेऊनच जाणं होतं.

पादोव्हाचं स्वतःचं म्हणून एक दुखणं आहे, धुकं. पो नदीच्या खोऱ्यात असल्यानं बोलोन्यालाही ते चुकत नाही, पण मला पादोव्हाचं जास्त दाट वाटलं. डिसेंबरात सकाळी सायकलच्या दिव्यापुढे काही दिसायचं नाही. सायकल घ्यावी मात्र लागतेच, आणि ती जुनी, गंजकी, कोणाला चोरावीशी वाटणार नाही अशीच घ्या. कुलूप सायकलपेक्षा महाग असलं तरी चालेल. दुसरा त्रास पदवीच्या दिवसांतला. नव्या पदवीधराला मित्र भर रस्त्यात उभा करतात, त्याच्या आयुष्याची टिंगल करणारं लांबलचक पोस्टर त्यालाच मोठ्यानं वाचायला लावतात, अंगावर पीठ नि अंडी फेकतात आणि वर एक अर्वाच्य गाणं म्हणतात. पहिल्यांदा मजा वाटते. आपली परीक्षा दुसऱ्या दिवशी असेल तर खिडकी लावून घ्यावी लागते.

शाकाहाऱ्यांनी बोलोन्यात जरा जपून. तोर्तेल्लिनी हा सारण भरलेला पास्ता, त्याच्या पोटात डुकराचं मांस असतं. त्याचा थोरला भाऊ तोर्तेल्लोनी बहुधा रिकोत्ता या मऊ चीजचा निघतो, तो मागा. पोळीसारखी पियादिना बघून हात आपोआप पुढे जातो, पण पारंपरिक पीठ डुकराच्या चरबीत मळतात. तेलातली आहे का ते विचारून घ्या. पार्मिजानो चीज वासराच्या रेनेटनं (पोटातून काढलेल्या विरजणानं) बनतं, ते कितपत मनाला लावून घ्यायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पादोव्हात मी बहुतेक घरीच शिजवायचो. पियाझ्झा देल्ले एर्बेच्या बाजारात दुपारी आवराआवर चालू असताना भाजी स्वस्तात देतात, आणि स्टेशनपलीकडे आर्चेल्लात बांगलादेशी दुकानांत तूरडाळ, मोहरी, हिरव्या मिरच्या, अगदी पोहेसुद्धा मिळत. बोलोन्यातही स्टेशनमागे अशी दुकानं आहेत, मित्र तिथूनच पिशव्या भरून न्यायचा.

तेव्हा बोलोन्याला कोणी जावं? ज्याचा विषय तिथेच आहे त्यानं. ज्याच्या हातात वसतिगृहात जागा दिल्याची लेखी मेल आहे त्यानं. ‘बघू, होईल’ याला मेल म्हणत नाहीत. किंवा ज्याचे काका-मामा तिथे आहेत त्यानं. बाकीच्यांना मी आपला पादोव्हाच सुचवीन आणि सोबत एक प्रादेशिक गाडीचं तिकीट, कारण दीड तासात बोलोन्या येतं आणि शनिवारची संध्याकाळ तिथे काढून रविवारी परत येता येतं. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

शहर कुठलंही ठरवा, खोलीचं जुलैअखेर उरकून टाका. ऑगस्टात सगळा देश समुद्रावर असतो, फोनसुद्धा कोणी उचलत नाही, आणि सप्टेंबर उजाडला की सगळ्या इटलीतली पोरं एकाच वेळी खोल्या शोधायला बाहेर पडतात.