अंदमानचं आठ दिवसांचं फॅमिली पॅकेज, दोन लेकरं आणि आजी-आजोबा सोबत : आमचा अनुभव

आम्ही भुसावळचे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाऊन आलो, आम्ही दोघं, पोरगा नऊ वर्षांचा, पोरगी चार वर्षांची आणि सासू-सासरे, म्हणजे सहा जण. जायच्या आधी मी खूप शोधलं पण जे वाचायला मिळालं ते सगळं हनिमूनवाल्यांचं, लहान लेकरू आणि गुडघे दुखणारी सासू सोबत असेल तर काय करायचं हे कोणी धड लिहिलेलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. पॅकेज आपल्याच भागातल्या एका एजंटकडून घेतलं होतं, नाव लिहीत नाही. जागेला पाचपैकी पाच, पॅकेजला तीन. आणि ते तीनसुद्धा गाड्या आणि बोटी वेळेवर मिळाल्या म्हणून.

आधी जायचं कसं ते सांगते कारण खान्देशातून जाणाऱ्याला हाच पहिला प्रश्न पडतो. एजंट मुंबईहूनच विमान धरा म्हणत होता. पण आपल्याकडे नवजीवन एक्सप्रेस आहे ना, अहमदाबादहून नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला जाते, चोवीस तासांच्या आसपास लागतात. आम्ही तीच घेतली. पोरांना ट्रेनमध्ये झोपायला मिळालं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट पुऱ्या सगळं सोबत, आणि सहा जणांच्या विमान तिकिटात चांगले पैसे वाचले. चेन्नईत एक रात्र थांबलो, गाडी लेट झाली तर विमान चुकायला नको म्हणून. तिथून पोर्ट ब्लेअर सव्वादोन तास. 2024 पासून त्याचं नाव श्रीविजयपुरम झालंय पण रिक्षावाले, दुकानदार अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. उतरताना खिडकीतून खाली निळं-हिरवं पाणी आणि त्यात झाडांनी भरलेली बेटं दिसायला लागली तेव्हा आमच्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात तापीचा पूर सोडला तर एवढं पाणी पाहिलं नव्हतं, एकदम म्हणाल्या, "माय वं, कितलं पानी शे!" पुढचे आठ दिवस पोरं हेच वाक्य म्हणत होती.

एक गोष्ट तिथे गेल्याशिवाय कळत नाही. घड्याळ आपलंच, पण बेटं आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, त्यामुळे सूर्य आपल्याकडच्यापेक्षा साधारण तासभर आधी उगवतो आणि मावळतो. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो आणि साडेपाचला काळोख! दुपारी जेवून लेकरांना झोपवलं आणि चारला उठवलं की बीच संपलाच समजा. आम्ही पहिल्या दिवशी असंच फसलो. मग नियमच केला, पहाटे पाचला उठायचं, सात वाजता पाण्यात, अकरापर्यंत खोलीवर, आणि रात्री आठला सगळे गार. लहान लेकरांना हे टाइमटेबल फार मानवतं.

पोर्ट ब्लेअरला पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. लेकरं कंटाळतील असं वाटलेलं, पण मोठ्याला इतिहासाच्या पुस्तकातून थोडं माहीत होतं. 1896 ते 1906 अशी दहा वर्षं बांधायला लागली, मधल्या बुरुजापासून सात फांद्या निघाव्यात तशा सात इमारती होत्या, आता तीनच उरल्यात. कोठडी साडेतेरा फूट बाय साडेसात फूट. पोराने पावलं टाकून मोजली, मग आत जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ बोललाच नाही. सावरकरांच्या कोठडीपाशी गर्दी होती पण कोणी ढकलाढकली करत नव्हतं. तिथे कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा कोलू ठेवलाय. आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नातवाला सांगितलं की आपल्या गावात घाण्याला बैल जुंपायचे, इथे माणूस जुंपला होता. गाइडने जे अर्धा तास सांगितलं त्यापेक्षा हे एक वाक्य त्याच्या जास्त लक्षात राहिलं. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो चांगला आहे, पण चार वर्षांच्या पोरीला फटक्यांचे आणि ओरडण्याचे आवाज सहन झाले नाहीत, मी तिला घेऊन बाहेर आले. इतकं लहान लेकरू असेल तर दोघांपैकी एकाने बाहेर थांबायची तयारी ठेवा.

दुसऱ्या दिवशी रॉस बेट. आता त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांचे पडके बंगले, त्या भिंतींना विळखा घातलेली वडा-पिंपळाची मुळं, आणि हरणं अगदी जवळ येतात. पोरगी हरणांच्या मागून हलेचना. चढ आहे, पण बॅटरीवरची गाडी मिळते, सासूबाईंना त्यातून फिरवलं. दोन तास पुरे.

मग हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. खाजगी क्रूझ होती, दीड-दोन तास. बोट लागते बरं का, हे हलक्यात घेऊ नका! आमची पोरगी आणि माझे मिस्टर दोघांना उलट्या झाल्या. परतीच्या वेळी बोटीच्या मधल्या सीट घेतल्या, अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेली गोळी, पोटात थोडंसंच खाणं आणि तोंडात आलेपाक, काही झालं नाही. आलेपाक इथूनच न्या, तिथे शोधत बसू नका.

हॅवलॉकला पॅकेजचा पहिला दगा कळला. कागदावर 'बीच रिसॉर्ट' लिहिलं होतं. प्रत्यक्षात हॉटेल रस्त्याच्या आतल्या बाजूला, बीच पंधरा मिनिटं चालत, रस्त्याला दिवे कमी. एजंटला फोन केला तर म्हणाला मॅडम, बीच जवळच आहे ना. पंधरा मिनिटं आमच्यासाठी जवळ असेल, पण पोरगी कडेवर, आईंचे गुडघे, हातात टॉवेल-कपड्यांची पिशवी, ते अंतर जवळ नाही! बुकिंग करताना हॉटेलचं नाव लिहून घ्या आणि नकाशावर समुद्रापासून स्वतः अंतर मोजा. आम्ही नाव विचारलं नाही ही आमची चूक, पण बीच रिसॉर्ट असं लिहून देणं हीसुद्धा फसवणूकच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

राधानगर बीचबद्दल मात्र जेवढं ऐकलं होतं त्याहून सुंदर. 2004 मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं आणि 2020 मध्ये ब्लू फ्लॅग हा स्वच्छ, सुरक्षित बीचचा दर्जा मिळाला. ब्लू फ्लॅग म्हणजे काय ते लेकरं सोबत असली की कळतं, कपडे बदलायला खोल्या, स्वच्छ संडास, जीवरक्षक, पोहण्यासाठी आखलेली हद्द. वाळू पिठासारखी आणि पाणी लांबपर्यंत उथळ. हद्दीच्या बाहेर मात्र जाऊ नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत आणि तसे इशाऱ्याचे बोर्डही आहेत, जीवरक्षकाने शिट्टी मारली की निमूट मागे यायचं.

एलिफंट बीचला जेट्टीवरून छोट्या बोटीने जातात, तिथे स्नॉर्केलिंग. मोठ्या पोराने केलं, पाण्याबाहेर आला तेव्हा त्याला बोलायलाच सुचत नव्हतं, नुसता हातांनी माशांचे आकार दाखवत होता. पण छोटीला जे लाइफ जॅकेट दिलं ते मोठ्या माणसाचं, खांद्यावरून निसटत होतं. बोटवाला म्हणे चलेगा. मी म्हटलं नाही चलेगा, लहान साइज आणा नाहीतर आम्ही उतरतो. दहा मिनिटांत लहान जॅकेट आलं! म्हणजे होतंच त्यांच्याकडे, मागितल्याशिवाय देत नाहीत. बायांनो, तिथे लाजू नका, भांडा. आणि वाळूतल्या बारीक माश्या चावतात, तेव्हा कळत नाही, रात्री खाज सुटते. पायाला खोबरेल तेल चोपडून ठेवा आणि ओल्या वाळूत बसू देऊ नका.

आता नील, म्हणजे शहीद द्वीप. हा सगळा खटाटोप मी खरं तर नीलसाठीच लिहितेय. पॅकेजमध्ये तिथे एकच रात्र होती, कारण एजंटच्या मते तिथे बघण्यासारखं काही नाही. अहो, लेकरांना बघण्यासारखं काय लागतं? भरतपूर बीचवर काचेच्या तळाची बोट मिळते, त्यात बसून आप्पा, आई, छोटी सगळ्यांनी न भिजता प्रवाळ पाहिले, निळे मासे, काळ्या काकडीसारखे पडलेले प्राणी. नैसर्गिक दगडी पुलाकडे ओहोटीलाच जाता येतं, ओहोटीची वेळ हॉटेलवाल्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दगडांच्या खळग्यांमध्ये पाणी साचतं आणि त्यात खेकडे, छोटे मासे, शंख पाठीवर घेऊन चालणारे जीव. माझी दोन्ही पोरं तिथे दोन तास उकिडवी बसून होती, मोबाइल मागितला नाही.

राहायला एका बंगाली कुटुंबाच्या चार खोल्या होत्या, पूर्व बंगालमधून फाळणीनंतर आलेली खूप कुटुंबं या बेटांवर वसवली गेली, त्यातलंच हे एक. मागे त्यांचं शेत. अंदमानला भाजी पुरवणारं बेट म्हणून नीलची ओळख आहे हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. रावेर तालुक्यातला केळीवाला माणूस, त्याला समुद्र दाखवून तीन दिवस झाले होते, पण आप्पांचा चेहरा खरा खुलला तो त्या घरामागची केळी बघून. घरमालक काकांशी मोडक्या हिंदीत दोन तास गप्पा, तिथे हिंदी सगळ्यांना येते, केळीला पिलं किती ठेवता, घड किती किलोचा, पाणी कसं देता, करपा रोग येतो का. काका म्हणाले इथे पाऊस एवढा की पाण्याचं कोणी विचारत नाही. आप्पा त्यावर नुसते हसले. आमच्याकडे ठिबकवर केळी जगवणाऱ्या माणसाला ते ऐकून काय वाटलं असेल ते मला कळलं.

आप्पा-आई माळकरी. एजंटने 'शुद्ध शाकाहारी महाराष्ट्रीयन जेवण' लिहिलं होतं, आणि चार दिवस पनीर आणि रोटी मिळाली. नीलला मात्र घरच्या काकीमांनी वेगळ्या भांड्यात स्वयंपाक केला, डाळ, भात, वांग्याचे तळलेले काप. संध्याकाळी आई त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसल्या, आपलं खान्देशी भरीत करायला. शेतातली वांगी, आपल्याकडच्या बामणोद गावच्या भरिताच्या वांग्यांएवढी मोठी नव्हती पण ताजी. आपल्याकडे वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, त्या तिथे कुठून आणणार, नारळाच्या सोडणांवर आणि वाळक्या झावळ्यांवर भाजली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, टमाटं घालू दिलं नाही! कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ आम्ही घरून नेलं होतं, त्याच्या भाकरी. काकीमांनी आधी चव घेतली, मग ताट भरून घेतलं, आणि शेजारच्या दोन बायकांना बोलावून आणलं. वांग्याला नारळाचा धूर लागलेला, ती चव वेगळीच, मी घरी दोनदा करून पाहिली, जमली नाही.

त्या रात्री ठरवलं की इथेच अजून एक दिवस राहायचं. पॅकेजमध्ये शेवटच्या दिवशी बाराटांग होतं, म्हणजे रात्री तीनला उठायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं, पुढे बोट, चुनखडीची गुहा, आणि तसंच परत. चार वर्षांच्या लेकराला नाही झेपत. शिवाय ती माणसं त्यांच्या जंगलात शांत राहतात, फोटो काढायला बंदी आहे, तरी बसमधून लोक त्यांना शोधत असतात असं तिथल्याच ड्रायव्हरने सांगितलं, मला ते बरोबर वाटलं नाही. बाराटांग रद्द केलं, बोटीची तिकिटं बदलली. एजंटने बाराटांगचा एक रुपयाही परत दिला नाही, जास्तीच्या रात्रीचे पैसे आम्हीच भरले. तरी त्या पैशांचं मला वाईट वाटत नाही.

अजून थोडं. नीलला नेटवर्क कमजोर, कॅश जवळ असू द्या. शंख-शिंपले-प्रवाळ आणू नका, विमानतळावर तपासतात. छोटीने फ्रॉकच्या खिशात दहा-बारा शिंपले भरले होते, तिला सांगितलं की हे खेकड्याच्या बाळांचं घर आहे, तिने एकेक करून पाण्याजवळ ठेवले आणि प्रत्येकाला टाटा केलं. डिसेंबर अखेरीस भाव फार चढतात म्हणे. आम्हाला नोव्हेंबरमध्ये एक दुपार पाऊस लागला, बाकी ऊन होतं.

एजंटकडे गेलात तर एवढंच सांगा, नीलला दोन रात्री, हॅवलॉकला दोन, बाराटांग नको, हॉटेलचं नाव लेखी. ऐकत नसेल तर दुसरा एजंट बघा.

घरी आल्यावर आप्पांनी भरिताच्या वांग्याच्या बियांची पुडी पोस्टाने काकांना पाठवली. मागच्या आठवड्यात काकीमांचा फोन आला होता, आई बोलत होत्या, त्या मराठीत आणि काकीमा बंगालीत. रोपं वर आलीत, एवढं दोघींना कळलं.