हार्डवेअर दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर आणि थर्मल प्रिंटर : दहा महिने वापरल्यानंतर

मागच्या मंगळवारी सॉफ्टवेअरचं अपडेट आलं आणि बिलावरची मराठी पुन्हा फुटली. ‘बिजागरी’ची पहिली वेलांटी ‘ब’ सोडून ‘जा’ला चिकटली, आणि ‘स्क्रू’ छापून आला ‘स् क् रू’. ही गोष्ट किरकोळ वाटेल. माझ्या दुकानात ती सगळ्यात मोठी आहे, म्हणून आधी तीच लिहिते.

आमचं तालुक्याच्या गावचं दुकान. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघते. काउंटरवर आम्ही तिघं : मी, एमएस-सीआयटी झालेली एक मुलगी आणि मामा. मामा वडिलांच्या वेळेपासूनचे. सातवी शिकलेत, इंग्रजी वाचता येत नाही. पण गिऱ्हाइकाने ‘चार सुती, दोन इंची’ म्हटलं की अर्धा इंच जाडीचा बोल्ट न बघता काढून हातात ठेवतात. २०२५ च्या १ एप्रिलला, नव्या वर्षाची नवी बिलमालिका सुरू करायची म्हणून, हे सॉफ्टवेअर आणि तीन इंची प्रिंटर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. बहुतेक दुकानांत असतं तसंच आहे : बिल, स्टॉक, उधारी, जीएसटीचे रिपोर्ट.

घेतलं कशासाठी, तर आमचे कंत्राटदार तुटत चालले होते. साइटवर उभं राहून ते फोन करतात आणि पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर जीएसटी बिल मागतात. दुसरं म्हणजे त्यांचं क्रेडिट, म्हणजे आमच्या बिलावर भरलेल्या जीएसटीची त्यांना मिळणारी वजावट. आम्ही तिमाही रिटर्न भरणारे. त्यामुळे तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या बिलं चढवायच्या सोयीत, टाकली नाहीत, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या त्यांच्या टू-बीमध्ये, म्हणजे क्रेडिटच्या यादीत, ती दिसत नाहीत, आणि क्रेडिट पुढे ढकललं जातं. हातबिलं लिहून अकाउंटंटकडे गठ्ठा पोचवण्यात दोनदा तारीख चुकली. दोन चांगली गिऱ्हाइकं शहरातल्या होलसेलरकडे गेली. भाव आमचा कमीच होता, तरी गेली.

तर सॉफ्टवेअर आलं. सोबत दोन तासांचं ‘फ्री ट्रेनिंग’. विक्रेत्याचा मुलगा आला, माझ्याशेजारी बसून भराभर क्लिक करत गेला आणि निघाला. मामा तेव्हा मागे पाईप मोजत होते. त्यांना कुणी बोलावलं नाही, मीही नाही. आयटमची यादी पुरवठादारांच्या दरपत्रकावरून इंग्रजीत भरून मिळाली. जीएसटीच्या ७३१८ या कोडखाली नट-बोल्ट-स्क्रू, ८३०२ खाली बिजागऱ्या, सगळं नीट. फक्त ती यादी मामांच्या काही कामाची नव्हती. बिल मी किंवा मुलगी करायची आणि मामा कागदाकडे बघून विचारायचे, ‘‘ताई, ह्यात काय लिवलंय?’’ मे महिन्यात चार इंचीच्या जागी पाच इंची बिजागऱ्यांची खोकी टेम्पोत चढली. साइट १८ किलोमीटरवर. परतीचं भाडं आमच्या अंगावर, आणि सुतार अर्धा दिवस बसून राहिला त्याची बोलणीही आम्हीच खाल्ली. पूर्वी हातबिल मराठीत असायचं, माल चढवताना मामा एकेका ओळीवर पेन्सिलीने टिकली करायचे. ही टिकली मशीन आल्यावर बंद पडली होती, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मग आयटमची नावं मराठीत भरायला घेतली. स्क्रीनवर सुंदर दिसली, कागदावर चिंध्या. सर्व्हिसला फोन केला. पहिल्यांदा उत्तर आलं, प्रिंटर खराब आहे. दुसऱ्यांदा, ड्रायव्हर टाका. तिसऱ्यांदा तो मुलगा सरळ म्हणाला, ‘‘मॅडम, नावं इंग्लिशमध्ये ठेवा ना, सगळे तसंच वापरतात.’’ व्हिजिटचे ५०० रुपये वेगळे सांगितले. मी दिले नाहीत. साडेतीन हजार वर्षाचे आणि साडेसात हजार प्रिंटरचे मोजल्यावर आपल्याच भाषेतलं बिल निघावं म्हणून आणखी ५०० का द्यायचे? जुलैत मी हे सगळं लिहून ठेवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘घेऊ नका’.

ते मत आता बदललंय. बिल का फुटतं, ते काउंटरवरच्या मुलीने शोधून काढलं. अशा प्रिंटरच्या पोटात स्वतःची अक्षरं असतात ती इंग्रजीची. मराठी जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही. बिल अक्षरं म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठवलं, तर जसंच्या तसं उमटतं. सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर एक खूण करायची होती, बास. छपाई थोडी सावकाश होते, मोठं बिल असेल तर जाणवतं. पण तीन फोनमध्ये कंपनीच्या माणसाला जे सांगता आलं नाही, ते एका संध्याकाळी काउंटरवर सापडलं.

त्यानंतर महिनाभर रोज दुपारी दोन ते तीन, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, तिने मामांना बसवलं. माउसपासून सुरुवात केलीच नाही. आधी मामांनी सांगायचं आणि तिने नावं बदलायची : ‘हेक्स बोल्ट १/२ × २’चं ‘बोल्ट चार सुती २ इंच’, ‘डोअर चेन’चं ‘दाराची साखळी’. ज्या वस्तू रोज जातात त्यांना मामांनीच आकडे दिले; चार सुती दोन इंचीला ४२, चार सुती तीन इंचीला ४३. आकडा टाकला की आयटम हजर. ऑगस्टअखेर मामा रोखीचं बिल स्वतः करायला लागले. पहिलं बिल हातात आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि खिशातली पेन्सिल काढली. दुकानात चुकीचा माल चढण्याचा प्रकार तेव्हापासून एकदाही झालेला नाही.

सरकारी मदतीचंही बघितलं होतं. अप्रेंटिस घ्यायचा तर आस्थापनात किमान चार माणसं लागतात, आम्ही तिघं. आणि ज्यांना शिकायचंय ते अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. काउंटरवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्याच काउंटरवर बसून शिकवील असं काही मला सापडलं नाही. छोट्या दुकानांना खरी गरज त्याचीच आहे.

एका बाबतीत मात्र सॉफ्टवेअरला पैकीच्या पैकी मार्क. २२ सप्टेंबर, घटस्थापना, सोमवार. त्या दिवसापासून सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. सकाळी घट बसवून दुकानात येईतो मुलीने २५२३ कोड टाकून सगळ्या सिमेंटचे, व्हाइट सिमेंटसकट, दर एका फटक्यात बदललेले. पहिलं गिऱ्हाईक सव्वानऊला आलं, त्याला नव्या दराचं बिल मिळालं. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागला तेव्हा आम्ही आठवडाभर हातबिलावर खाडाखोड करत होतो, ते आठवलं.

खटकतं ते एवढंच : बोल्ट किलोवर घ्यायचे आणि नगावर विकायचे, हा हिशोब अजून जमत नाही. स्टॉक मायनसमध्ये जातो. दर महिन्याला आम्ही वजन करून दुरुस्त करतो.

मंगळवारी अपडेटने ती खूण पुसली. मी सर्व्हिसला फोन लावेपर्यंत मामांनीच मुलीला हाक मारली, ‘‘पोरी, ते तिसरं पान बघ.’’ दहा मिनिटांत बिलं सुरू. एप्रिलमध्ये नूतनीकरण करणार, पण एकाच वर्षाचं. तीन वर्षांची सवलत देतायत ती नको. घेणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी विक्रेत्यासमोर ‘बिजागरी’ आणि ‘स्क्रू’ हे दोन शब्द छापून बघा, आणि दोन तासांच्या ट्रेनिंगला माल काढून देणाऱ्या माणसाला समोर बसवा.