जुन्या गाडीची खडखड आणि मेकॅनिकचा स्टेथोस्कोप

मेकॅनिकचा स्टेथोस्कोप डॉक्टरांच्या नळीसारखाच, फक्त पुढे पोलादी सळई. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा वॉटर पंपाचं खराब बेअरिंग ओळखायला उत्तम. गतिरोधकावरच्या ‘खटक’साठी मात्र नुसती नळी पुरत नाही, पद्धतही हवी.

गाडी पिटवर (खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर) घ्या, चारही चाकांवर वजन असू द्या. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लोंबकळतात, सैल सांधा ताणून बसतो आणि आवाज लपतो. बरीच निदानं इथेच चुकतात. एकाने पुढचा कोपरा दाबून सोडत राहावं, दुसऱ्याने सळई लिंक रॉडच्या (अँटी-रोल बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) दोन्ही टोकांना, लोअर आर्मच्या (चाकाला धरणारा खालचा दांडा) बुशजवळ, म्हणजे सांध्यातल्या रबराजवळ, आणि स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉक ॲब्झॉर्बरचा खांब) माउंटला, म्हणजे वरच्या बैठकीला टेकवावी. झिजलेल्या सांध्यावर कोरडा ‘टक्क’ थेट कानात बसतो. धातूतून तो शेजारीही पोचतो, म्हणून सर्वांत मोठा कुठे ते बघा. मग तोच सांधा बोटांनी धरा, ठोका हातालाही लागतो.

लिंक रॉड डावा-उजवा जोडीनेच बदला. लोअर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर बुशचं रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. इंजिन चालू असेल तर सळई बेल्ट-पंख्यापासून लांबच ठेवा.