चष्मा न काढता तारे बघायचं बायनॉक्युलर, आठ महिने वापरल्यावर

मागच्या दसऱ्यानंतर घेतलं, आता जूनचा पहिला आठवडा चालू आहे आणि डोंबिवलीत ढग भरून आलेत, म्हणजे यंदाचा सीझन संपला. म्हणून आता निवांत लिहायला बसले. चष्मा असलेल्यांसाठी मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला घेताना सापडलं नव्हतं आणि त्यापायी माझे एकदा पैसे वाया गेलेत, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी माझा नंबर सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. दोन्ही डोळ्यांना मायनस साडेचार, उजव्याला वर पावणेदोनचा सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा (ॲस्टिग्मॅटिझमचा) वेगळा नंबर. वय ४४. पाचवीपासून चष्मा.

पहिलं बायनॉक्युलर दीड वर्षापूर्वी ऑनलाइन सेलमध्ये घेतलेलं, कंपनीचं नाव लिहीत नाही. १०×५० होतं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं, सगळीकडे हेच वाचलेलं की तारे बघायला १०×५० घ्या, म्हणून घेतलं. चष्मा लावून बघितलं तर मधलाच थोडासा गोल दिसायचा, आजूबाजूला सगळा काळोख, जसं काही दाराच्या फटीतून बघतोय. मग चष्मा काढून बघायला लागले. सगळे सांगतात की फोकसच्या चाकाने नंबर भरून निघतो. निघतो, पण मायनस आणि प्लस नंबर निघतो, सिलिंडर निघत नाही! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. उजव्या डोळ्याला व्याध कायम दोन बाजूंनी ओढल्यासारखा लांबट दिसायचा, चाक कितीही फिरवा. शिवाय बायनॉक्युलर खाली केलं की आकाश सगळं धूसर, कुठे बघत होते तेच हरवायचं, परत चष्मा शोधा, तो लावा, तारा शोधा, चष्मा काढा. महिन्याभराने तर एका ताऱ्याचे दोन दिसायला लागले, आतले प्रिझम हलले होते, दहा मिनिटं बघितलं की कपाळ ठणकायचं. मला वाटायचं माझेच डोळे अधू आहेत, तारे बघणं आपल्याला जमणारं नाही. हे खूप मनाला लागलेलं.

मग वांगणीला आकाशदर्शनाच्या एका रात्री शेजारच्या काकांनी त्यांचं बायनॉक्युलर हातात दिलं, मी सवयीने चष्मा काढायला लागले तर म्हणाले, "काढू नका, तसंच बघा." आणि पूर्ण गोल दिसला! काठापर्यंत. कृत्तिका मधोमध, निळसर, एकेक तारा टाचणीच्या टोकाएवढा. त्या दिवशी आय रिलीफ हा शब्द कळला.

आय रिलीफ म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवला तरी पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, मिलिमीटरमध्ये. स्वस्तातल्या बऱ्याच १०×५० ला ते ११-१२ असतं. चष्म्याची काचच डोळ्यापासून १२ च्या आसपास लांब, मग उरतं काय? चष्मेवाल्यांना किमान १६-१७ पाहिजे, जास्त असेल तर अजून बरं. आणि छापलेला आकडा भिंगाच्या काचेपासून मोजलेला असतो, काच रबराच्या कपात आत बसलेली असेल तर दोन-तीन मिलिमीटर तिथेच जातात. म्हणून दुकानात जाऊन स्वतःच्या चष्म्यावर लावून बघा, कप पूर्ण खाली करून. गोलाची काळी कड चहूबाजूंनी स्पष्ट दिसली तर तुमचं काम झालं. कड बघायला डोळा इकडेतिकडे हलवावा लागत असेल तर घेऊ नका, किती का सूट असेना.

मी शेवटी निकॉनचं ॲक्शन ईएक्स १०×५० घेतलं, आय रिलीफ १७.२, पहिल्याच्या जवळपास तिप्पट पैसे गेले. माझ्या चष्म्यावर जेमतेम पुरतं, म्हणून चष्म्याच्या दुकानात जाऊन नाकावरचे पॅड थोडे दाबून घेतले, काच डोळ्याच्या जवळ आली आणि फरक लगेच जाणवला. हा उपाय फुकटातला आहे, नक्की करा. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) असेल तर मात्र तो घालून आकाश बघू नका, मान वर केली की नजर भलत्याच पट्ट्यातून जाते. मी जुन्या फ्रेममध्ये फक्त लांबच्या नंबरची काच टाकून घेतली आणि तो चष्मा बॅगेतच असतो.

७×५० चा मोह मलाही झालेला. पण पन्नासला सातने भागलं की बाहेर पडणारा प्रकाशाचा गोल ७ मिलिमीटरचा, आणि चाळिशीनंतर अंधारातही बाहुली बहुतेकांची तेवढी उघडत नाही, म्हणजे तो प्रकाश वायाच. वर शहरात आकाश राखाडी दिसतं. १०×५० ला तो ५ मिलिमीटर, ८×४० ला पण ५. हात कापत असतील तर माझ्या मते सरळ ८×४० घ्या, याच सिरीजमधलं ८५५ ग्रॅमचं आहे आणि आकाशाचा तुकडा ८.२ अंश दिसतो, माझ्यात ६.५ दिसतो. १५×७० मी एका रात्री हाताळलं, सुंदर दिसतं, पण स्टँडशिवाय तारे नुसते नाचतात.

आता वजन. माझं एक किलोच्या वर आहे आणि उभं राहून डोक्यावरचं बघितलं तर पाच मिनिटांत मान आणि दंड भरून येतात, ५० मिलिमीटरच्या कुठल्याही चांगल्या बायनॉक्युलरला हे होणारच. ट्रायपॉड घेतला तर डोक्यावरचं बघताना आपल्यालाच त्याच्या खाली घुसावं लागतं. मला खरा आराम मिळाला तो गच्चीवरच्या घडीच्या आरामखुर्चीने. पाठ मागे टाकायची, कोपरं खुर्चीच्या हातांवर, आणि बायनॉक्युलर मागून न धरता पुढच्या टोकाला धरायचं, थरथर निम्मी होते. चष्म्यावर दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात.

डिसेंबरात मुरबाडकडे आमच्या गावी पहाटे काचा धुरकटायच्या, चष्म्याच्या आणि बायनॉक्युलरच्या पण. श्वास वर येतो त्याने होतं. मफलर नाकाखाली घट्ट गुंडाळला आणि हळूहळू खालच्या दिशेने श्वास सोडला की बरंच कमी होतं.

गावच्या त्या अंगणात बाबांना बसवलं होतं. बाबा ७२ वर्षांचे, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, ते चष्म्याशिवाय बघतात, त्यांच्यासाठी कप वर करायचे. मृगाचा बाण दाखवला, त्याच्याखालचा तेजोमेघ दाखवला, मग कृत्तिका. बाबांनी आयुष्यभर पेरणी नक्षत्रावर धरली, पण कृत्तिका त्यांना सहा ताऱ्यांच्या पुढे कधी दिसल्या नव्हत्या. पहिली पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, नुसते मोजत होते, तीसच्या पुढे मोजणं चुकलं म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

मे महिन्यात जे बघितलं ते मात्र माझं सगळ्यात आवडतं. नरतुरंग या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. युरोपातल्या बहुतेक लोकांना तो दिसतच नाही, आपल्याकडे मात्र क्षितिजापासून वीतभर (हात समोर ताठ करून धरलेली वीत) वर येतो. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा हा ठळक तारा बरोबर दक्षिणेला आला की त्याच्या सरळ खाली जवळजवळ दोन विती उतरायचं. दक्षिण क्षितिज मोकळं आणि काळोखं पाहिजे, डोंबिवलीतून मला एकदाही नाही दिसला. गावाहून दिसला, पिंजलेल्या कापसाचा गोल बोळा असतो ना तसा, तारे सुटे होत नाहीत, पण लाखो ताऱ्यांचा उजेड आहे तो. डोळे मिटून घेतले तरी दिसत होता.

मुलं असतील तर एकच, दिवसा हे हाताशी येईल असं ठेवू नका, सूर्याकडे रोखलं तर क्षणात डोळा जाईल.

पावसाळ्याचं सांगायचं तर, याच्या नळ्यांत नायट्रोजन भरलेला आहे, पण बाहेरच्या काचांना आपल्या हवेत बुरशी धरू शकते. कातडी किंवा कापडी केसमध्ये ठेवू नका. मी डाळीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलंय आणि दर पंधरा दिवसांनी काढून बघणार आहे. बाबांचा काल फोन आला होता, तब्येतीचं वगैरे झाल्यावर विचारलं, "त्या डब्यातल्या पुड्या बदलल्यास का?" दिवाळीत येताना घेऊन ये म्हणाले, कृत्तिका मोजायच्या राहिल्यात.