मन लागत नाही, तर रक्तात काय शोधायचं?

सकाळी सात ते नऊ ही आमच्या लॅबची गर्दीची वेळ. उपाशीपोटी आलेले डायबेटिसवाले, ऑफिसला उशीर होतोय म्हणून घड्याळ बघणारे, आणि त्यांच्यात अधूनमधून एखादी मुलगी, जिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी नसते. सोबत आई नाहीतर नवरा. "हिचं सगळं चेक करा ताई. झोप नाही, जेवण नाही, कशात लक्ष नाही. एकदा रक्तात काय ते दिसू दे." दुसऱ्या दिवशी रिपोर्ट न्यायला आले की तोच प्रश्न उलटा होतो. "सगळं नॉर्मल आहे ना? मग हिला झालंय तरी काय?" मुलगी खाली बघत उभी. नॉर्मल रिपोर्ट हातात पडल्यावर इतका उतरलेला चेहरा मी दुसऱ्या कुठल्या तपासणीत पाहिलेला नाही.

म्हणून आधीच सांगते. साखर मोजून डायबेटिस ठरवतात, तसं रक्त बघून डिप्रेशन किंवा बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा आजार) ठरवता येत नाही. रक्ताचा उपयोग दोन कामांना होतो. डिप्रेशनसारखं दिसणारं पण मुळात वेगळंच दुखणं हुडकून काढायला, आणि औषध सुरू झालं की त्यावर लक्ष ठेवायला. पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, ते या दोन कामांवरून ठरवा.

पहिल्या कामात खरी चुरस थायरॉइड आणि बी-१२ यांच्यात आहे.

थायरॉइड मंदावली की माणूस सुस्तावतो. थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, वजन वाढतं आणि मन जड होतं. घरच्यांना दिसतो फक्त आळस. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावं; थायरॉइड मंदावली की ते वाढतं. ते १० च्या वर आणि टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) कमी असेल तर गोळी सुरू होते आणि काही आठवड्यांत फरक जाणवू लागतो. इथे तपासणीचे पैसे वसूल. घोटाळा होतो तो मधल्या आकड्यांत. रिपोर्टवर ६ आकडा ठळक छापून आला की सगळ्या उदासीचं खापर थायरॉइडवर फुटतं. ६५ वर्षांवरच्या, टीएसएच थोडंसंच वाढलेल्या ७३७ जणांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थायरॉइडची गोळी आणि खोटी गोळी यांत थकव्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. तेव्हा ६ म्हणजे उत्तर सापडलं असं धरू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं तर त्यापायी अजिबात लांबवू नका.

एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही, मी विचारते: केसांसाठी गोळ्या चालू आहेत का? त्यांत बायोटिन असतं. मोठ्या डोसमध्ये ते काही मशिनच्या मोजणीत लुडबुड करतं आणि टीएसएच खोटंच कमी दाखवतं. म्हणजे मंदावलेली थायरॉइड कागदावर ठणठणीत! दोन दिवस आधी ती गोळी बंद ठेवून या.

बी-१२ चं प्रकरण आपल्या घराजवळचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं, आणि सगळ्यांत वाईट अवस्था शहरी मध्यमवर्गाची होती. पालक, मूग, मटकी कितीही खा, त्यांत बी-१२ नसतं. दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतूनच ते येतं. कमी पडलं की पायाला मुंग्या येतात, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, विसरायला होतं, चिडचिड वाढते, कधी मन पार खचतं. २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता स्पष्ट. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अॅसिड बघावं लागतं, पण ती महाग तपासणी. डायबेटिसची मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी घेतली जाणारी अॅसिडिटीची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ घटवू शकतात.

यातली नेहमीची चूक म्हणजे आधी पाच इंजेक्शनं टोचून घ्यायची आणि मग तपासणीला यायचं. आकडा येतो १५००, आणि मुळात कमी होतं की नव्हतं ते कोणालाच कळत नाही. आणि बी-१२ पुरेसं असलेल्या माणसानं वरून इंजेक्शनं घेतली म्हणून उदासी जात नाही.

दोन्हींतलं एकच परवडत असेल तर? शाकाहारी घर, मुंग्या, विसराळूपणा असेल तर आधी बी-१२. बाळंतपणाला वर्ष व्हायचंय अशी बाई असेल तर आधी टीएसएच, कारण त्या वर्षात थायरॉइड आधी उसळून मग मंदावण्याचा एक प्रकार होतो आणि घरात तो 'बाळामुळे झोप नाही' या खात्यात जमा होतो. तिचं हिमोग्लोबिनही बघाच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना अॅनिमिया निघाला आहे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) जोडीला घेतलंत तर उत्तम, फक्त तापात करू नका. अंगात सूज असली की ते उगाच वाढलेलं दिसतं.

व्हिटॅमिन डी वर मी फार शब्द खर्च करणार नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,३५३ जणांना सरासरी पाच वर्षं रोज २००० युनिट डी किंवा खोटी गोळी दिली; २०२० मध्ये निकाल आला, डिप्रेशन टाळण्यात फरक शून्य. हाडं दुखत असतील, ऑस्टिओपोरोसिस असेल तर तपासा. मनासाठी म्हणून नको.

पॅकेजमध्ये 'मूड प्रोफाइल'च्या नावाखाली सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) दिसलं तर सरळ खोडा. शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन आतड्यात बनतं, रक्तात ते प्लेटलेटमध्ये साठतं, आणि रक्तातून मेंदूत जात नाही. रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतलं काही कळत नाही. कॉर्टिसॉलवर, म्हणजे ताणात वाढणाऱ्या हार्मोनवर, एके काळी फार भिस्त होती. रात्री अकराला ते दाबणारं औषध, एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल दबलं का बघायचं, या तपासणीला १९८१ मधल्या मानसोपचारतज्ज्ञ बर्नार्ड कॅरल यांच्या अभ्यासानंतर मानसोपचारात मोठा भाव आला. पुढे दिसलं की इतर आजारांत, वजन घटल्यावरसुद्धा ती बिघडते. भाव उतरला.

अंगातली सूज दाखवणाऱ्या सीआरपी तपासणीचं तसं नाही, तिच्यात थोडा दम आहे. डिप्रेशनच्या साधारण चौथाई रुग्णांत सीआरपी ३ च्या वर असतं. २०१३ च्या एका चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांना सूज उतरवणारं इन्फ्लिक्सिमॅब किंवा खोटं औषध दिलं. एकूण गटात फायदा नाही, पण ज्यांचं सीआरपी ५ च्या वर होतं त्यांच्यात थोडा कल दिसला. संशोधकांसाठी हा महत्त्वाचा धागा आहे. तुमच्या-माझ्यासाठी नाही. सर्दी, हिरडीची सूज, सुटलेलं पोट, कशानेही सीआरपी वाढतं.

बायपोलरच्या बाबतीत केंब्रिज विद्यापीठाच्या गटानं २०२३ मध्ये बोटातून घेतलेल्या वाळलेल्या थेंबात ६०० हून अधिक घटक मोजले. डिप्रेशनचं निदान झालेल्यांपैकी खरे बायपोलर कोण, ते शोधायचं होतं. एकट्या रक्तापेक्षा रक्त आणि प्रश्नावली मिळून निकाल सरस आला. हे लॅबच्या काउंटरवर यायला अजून अवकाश आहे.

आता दुसरं काम, चालू औषधावर लक्ष ठेवायचं. इथे मात्र मी हट्टी आहे, कारण बायपोलरवरचं औषध लिथियम घेणाऱ्याची रक्ततपासणी चुकवून चालत नाही. पातळी बहुतेकांत ०.६ ते ०.८, फार तर १ पर्यंत ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. गुण देणारा आकडा आणि विषारी आकडा इतके शेजारी असलेली औषधं थोडीच. सॅम्पल शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी सॅम्पलनंतर. मध्यंतरी एक आजोबा चहाबरोबर गोळी घेऊनच आले. आकडा वर गेला, मुलगा घाबरला, शेवटी परत बोलावून दोन दिवसांनी पुन्हा सॅम्पल घेतलं तेव्हा ०.७.

दुसरी नजर ट्यूबवर ठेवा. हिरव्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन असतं, आणि बऱ्याचदा ते लिथियमचंच क्षारस्वरूप असतं. लिथियमची पातळी त्यात काढली तर ट्यूबमधलं लिथियमही मोजलं जातं. लाल किंवा पिवळं बूच हवं. बिनधास्त विचारा, आम्हाला राग येत नाही. मे महिन्यातला घाम, जुलाब, निर्जळी उपवास, अंगदुखीवर मनानेच घेतलेली आयबुप्रोफेन, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, यांनी पातळी चढते. सोबत दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि टीएसएच, कारण लिथियम किडनी आणि थायरॉइड दोन्हींना त्रास देऊ शकतं. व्हॅल्प्रोएट हे बायपोलरचंच दुसरं औषध असेल तर लिव्हर आणि प्लेटलेट. साठीपुढच्या माणसाला डिप्रेशनची गोळी सुरू झाली आणि तो बरळायला लागला, तर सोडियम तातडीनं.

या सगळ्याच्या शेजारी एक फुकटातली तपासणी ठेवते: पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची प्रश्नावली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, ० ते २७ गुण. १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली. तीही निदान करत नाही, पण ऐंशी तपासण्यांचं पॅकेज जे विचारत नाही ते ती विचारते. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्याचं उत्तर 'हो' असेल तर रिपोर्टची वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

परवा परत तोच प्रश्न आला, "मग हिला झालंय तरी काय?" मी म्हटलं, "काकू, थायरॉइड नाही, बी-१२ नाही, एवढंच या कागदावर आहे. हिला काय होतंय ते हिलाच विचारा की." काकूंनी लेकीकडे बघितलं. मी पुढचा टोकन नंबर पुकारला, पण त्या दोघी बराच वेळ बाकावर बसून होत्या.