५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: ११ महिन्यांनंतर, आणि ती ७ मीटरची नळी

हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून देणारं हे मशीन काल दुरुस्त होऊन परत आलं, म्हणून आज लिहायला बसले. मॉडेलची माहिती सगळीकडे आहे, ती परत देत नाही. मला फुफ्फुसांचा फायब्रोसिस आहे, म्हणजे फुफ्फुसं कडक होत जातात. डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटरवर दिवसाला निदान १६ तास सांगितलेत. मशीन ४८,०००ला पडलं. आधी भाडं विचारलं होतं, महिना ५,०००. दहा महिन्यांत विकतच्याएवढे पैसे गेले असते, म्हणून विकतच घेतलं.

आवाजाने पहिला महिना झोप नव्हती. आता आवाज बंद झाला की जाग येते. विजेचं म्हणाल तर ३५० वॉट, १६ तास, म्हणजे दिवसाला साडेपाच युनिट.

खरं सांगायचंय ते नळीबद्दल. मशीन हॉलमध्ये आहे. तिथून ७ मीटरमध्ये पलंग येतो, बाथरूम येतं, स्वयंपाकघरातलं सिंक येतं. गॅसच्या शेगडीपर्यंत नळी पोचत नाही, ते बरंच आहे, ऑक्सिजनजवळ ज्योत नकोच. देवापुढचं निरांजन आता हे लावतात, मी दारातून घंटी वाजवते. पण मागच्या खोलीतलं लाकडी कपाटही टप्प्याबाहेर राहिलं. त्यात माझ्या साड्या, पितळी डबे आणि आईचं तांब्याचं घंगाळ. दर दिवाळीला चिंच लावून मी ते लखलखीत करायचे. कपाट डोळ्यांसमोर आणि हात पोचत नाही, याचा इतका संताप आला की तेव्हा लिहिलं असतं तर दोनच तारे दिले असते.

७०० रुपयांची १५ मीटरची नळी मागवली. ऑक्सिजन शेवटपर्यंत नीट येत होता, पण नळी दाराखाली अडकायची, पिळा पडायचा, एका रात्री हे तिच्यात पाय अडकून पडले. तरी एका दुपारी मी कपाटापर्यंत गेलेच. घंगाळाच्या दोन्ही कड्या धरून ते जेमतेम फळीवरून उचललं. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्क्यांवर उतरला. ते तसंच खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले, श्वास परत येईपर्यंत.

घंगाळ भाचीने नेलं. तिच्याकडे वाईला अजून बंब आहे, ते वापरात राहील. डबेही गेले. मी आईचं एक फुलपात्र तेवढं उशाशी आणून ठेवलं. हलकं आहे, रात्रीच्या गोळीपुरतं पाणी त्यात मावतं. आता परत ७ मीटरचीच नळी लावली आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार सर्व्हिसची आहे. ऐन पावसाळ्यात पिवळा दिवा लागला, म्हणजे ऑक्सिजनची शुद्धता उतरली. मशीन ओलसर भिंतीला लागून होतं. आतला झिओलाइट (दाणेदार खनिज) हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो, पण ओल लागली की निकामी होत जातो. नऊ दिवस फोन केले. "ओल वॉरंटीत बसत नाही" हेच उत्तर. पुस्तिकेत भिंतीपासूनचं अंतर दिलंय, ओलीबद्दल एक अक्षर नाही. त्या पानांचे फोटो पाठवले तेव्हा कुठे निम्म्या खर्चावर आले, ६,५००. पंखा बिघडला तर माणूस घामाघूम होतो. हे बिघडलं तर मला बाथरूमपर्यंत जाता येत नाही. एवढं त्यांना समजावायला नऊ दिवस का लागावेत?

मशीन चार दिवस त्यांच्याकडे होतं, तेवढे दिवस जंबो सिलिंडरवर काढले. त्यात साधारण ७,००० लिटर असतात. २ लिटरवर रोज १६ तास धरले तर साडेतीन दिवस जातात, चौथ्या दिवशी दुसरा आणावा लागला.

चार तारे. पाचवा कापला तो बदली मशीन न दिल्याबद्दल. घेण्याआधी ते लेखी मागून घ्या. स्पंजचा एक जादा फिल्टरही घेऊन ठेवा, मला १८० रुपयांना मिळाला. दर आठवड्याला धुवावा लागतो आणि पावसाळ्यात पूर्ण वाळायला दीड दिवस लागतो.