कुलूपबंद दाराआडची मतमोजणी : ‘कॉन्क्लेव्ह’

आमच्या सिंधुदुर्गात देवस्थानच्या मानापानावरून रंगलेली बारा-पाच मानकऱ्यांची (देवळातल्या मानाचे परंपरागत हक्कदार) बैठक ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला ‘कॉन्क्लेव्ह’ हा चित्रपट समजून घेण्यासाठी ख्रिस्ती धर्मशास्त्र यावे लागत नाही. मला काही नको, गाव म्हणेल ते मान्य, असे म्हणत कोपऱ्यात बसलेला माणूस पहिल्या चहानंतर कोणाच्या कानाशी लागतो, हे पाहण्याची सवय असली की पुरे.

एडवर्ड बर्गर यांनी दिग्दर्शित केलेला हा २०२४ सालचा चित्रपट रॉबर्ट हॅरिस यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. पोपचे निधन होते आणि उत्तराधिकारी निवडण्यासाठी जगभरातून आलेल्या कार्डिनलांना, म्हणजे कॅथलिक चर्चच्या ज्येष्ठ धर्मगुरूंना, व्हॅटिकनमध्ये बाहेरच्या जगापासून तोडून कोंडले जाते. ही निवडणूक म्हणजेच कॉन्क्लेव्ह. ती पार पाडण्याची जबाबदारी कार्डिनलांचे प्रमुख, डीन लॉरेन्स यांच्यावर येते. स्वतःची प्रार्थनेवरची श्रद्धा डळमळल्यामुळे ते आधीच पद सोडू पाहत असतात. उदारमतवादी बेलिनी, कट्टर परंपरावादी टेडेस्को, गोडबोले ट्रेम्ब्ले आणि आत्मविश्वासाने वावरणारे अडेयेमी हे मुख्य दावेदार. एकेकाचे पाणी कसे जोखले जाते, ते येथे सांगणे योग्य नव्हे.

या चित्रपटात पाठलाग जवळजवळ नाही. थरार आहे तो कार्यपद्धतीत. दिवंगत पोपच्या दाराला फीत बांधून त्यावर लाखेची मोहोर उमटवली जाते, तेव्हा ती कोणीतरी तोडणार हे आपल्याला कळून चुकते आणि पुढचा तासभर ती लाख डोळ्यांसमोरून हलत नाही. मतदानाचेही तसेच. मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्राखाली प्रत्येक कार्डिनल मतपत्रिका घेऊन येतो, शपथ उच्चारतो आणि मत पात्रात टाकतो, नावे मोठ्याने वाचून मतपत्रिका सुईने दोऱ्यात ओवल्या जातात. दोन तृतीयांश मते पडेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा चालते, पण दर फेरीगणिक त्याच हालचालींचा अर्थ बदलत जातो. आमच्याकडे असा पेच पडला की गाऱ्हाणे घालून देवाचा कौल घेतात. उजवा कौल मिळाला की वाद निदान वरवर तरी मिटतो. तेथे मात्र देवाची इच्छा माणसांनीच कागदावर लिहायची आणि माणसांनीच मोजायची, म्हणून प्रत्येक आकड्यामागे कोणाची खटपट आहे हा संशय सुटत नाही.

राल्फ फाइन्स यांनी लॉरेन्स साकारताना आवाज क्वचितच चढवला आहे. उसासा, मान खाली घालणे आणि चष्म्याशी चाललेला चाळा यांवरच त्यांनी सारे तोलून धरले आहे. इझाबेला रोसेलिनी यांच्या वाट्याला संवाद अगदी मोजके आले आहेत. परंतु कार्डिनलांच्या पंगतीची व्यवस्था पाहणारी त्यांची जोगीण, सिस्टर अ‍ॅग्नेस, सर्वांत जास्त जाणते. जत्रेच्या महाप्रसादात आयुष्यभर वाढप केलेली माझी आई हे पाहून एवढेच म्हणाली, “वाढणारीक सगळा ठावक असता.” फोल्कर बर्टेलमान यांचे खर्जातले तंतुवाद्यांचे संगीत मात्र काही ठिकाणी प्रेक्षकाला दचकवण्याचा अकारण आग्रह धरते.

पटकथेसाठी पीटर स्ट्रॉन यांना ऑस्कर मिळाले आणि संवादांपुरते ते रास्तच आहे. शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बाहेरचा स्फोट नेमक्या गरजेच्या वेळी होतो, एक भाषण सगळ्यांची मने फारच झटपट वळवते आणि अखेरचे रहस्य चर्चेला अवसर न देताच उरकले जाते. शिवाय पोपने गुप्तपणे नेमलेल्या कार्डिनलचे नाव त्या पोपच्या हयातीत जाहीर झाले नाही, तर ती नेमणूक आपोआप संपते, असा चर्चचा प्रत्यक्ष नियम आहे. इतर बाबतींत इतक्या काटेकोर असलेल्या कथेने अशाच एका कार्डिनलला मतदानात बसवून तो सोयीस्करपणे बाजूला ठेवला आहे.

चित्रपट आल्यानंतर काही महिन्यांतच, २१ एप्रिल २०२५ रोजी, पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. खरे कॉन्क्लेव्ह ७ मे रोजी सुरू झाले आणि १३३ कार्डिनलांनी दुसऱ्याच दिवशी लिओ चौदावे यांची निवड केली. निवड झाल्याची खूण म्हणून चिमणीतून पांढरा धूर निघाला तेव्हा आत काय चालले असेल याचे चित्र आमच्या घरात तयार होते, ते या चित्रपटामुळेच.

पाहायचा असल्यास रात्री, हेडफोन लावून पाहावा. आम्ही भर पावसात पाहिला आणि पत्र्यावरच्या माऱ्यात निम्मी कुजबुज वाहून गेली.